लष्करी बंदुकांच्या दस्त्यांवरील तपासणी-ठशांची सत्यासत्यता : सोयगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, नाणी, शिलालेख व ताम्रपट यांची चिकित्सा करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केल्यापासून अस्सल आणि बनावट कागद यांतील भेद हा मराठी संशोधनाचा नित्याचा विषय झाला. शस्त्रांच्या बाबतीत मात्र अशी चिकित्सा क्वचितच होते. वाड्यात, गढीत किंवा महाविद्यालयाच्या वस्तुसंग्रहात एखादी जुनी लष्करी बंदूक असली आणि तिच्या लाकडी दस्त्यावर मुकुट, बाण किंवा इंग्रजी आद्याक्षरे उमटलेली दिसली, की तो ठसाच पुरावा मानला जातो. त्या ठशावरून बंदुकीचे वर्ष ठरते, वर्षावरून लढाई ठरते आणि लढाईवरून गावाचा इतिहास लिहिला जातो. मूळ ठसाच नकली असेल तर ही सारी मांडणी कोसळते. ज्या प्रदेशाविषयी लिखित साधने थोडी आहेत, तेथे हा धोका अधिक आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील सोयगाव तालुका हा असा प्रदेश होय. प्रस्तुत निबंधात हा परिसर डोळ्यांसमोर ठेवून दस्त्यांवरील तपासणी-ठशांची पारख कशी करावी याचा विचार केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लष्करी बंदुकांवर तपासणीचे ठसे कोणत्या व्यवस्थेतून उमटले हे स्पष्ट करणे.
२) नकली ठसे कोणत्या कारणांनी निर्माण होतात याचा शोध घेणे.
३) खरा ठसा व नकली ठसा यांतील भेद ओळखण्याच्या कसोट्या मांडणे.
४) महाविद्यालयीन वस्तुसंग्रहांसाठी व्यवहार्य पद्धती सुचविणे.

सोयगाव परिसर आणि शस्त्रांची वाट

सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत, मराठवाडा आणि खानदेश यांच्या सीमेवर वसला आहे. १८१८ नंतर खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि सोयगावचा मुलूख निजामाच्या राज्यात राहिला. त्यामुळे घाटाच्या दोन बाजूंना दोन राज्ये, दोन सैन्ये आणि दोन कायदे होते. १८७८ च्या हत्यारबंदी कायद्याने ब्रिटिश हद्दीत परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरविले. संस्थानी हद्दीत मात्र तेथील नियम चालत. एकाच डोंगराच्या दोन अंगांना सापडलेल्या बंदुकांचा पूर्वेतिहास म्हणूनच एकसारखा असेल असे गृहीत धरता येत नाही.

या परिसरात लष्करी शस्त्रे येण्याचे प्रसंग अनेक होते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई येथे आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या सैन्यांत लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांकडील जखमींसाठी अजिंठा गावात रुग्णालय उभारण्यात आले. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे खानदेश भिल्ल पलटण उभी केली. जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथे हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्यात उठाव झाला आणि तो जनरल वुडबर्नच्या फौजेने मोडून काढला. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत भारतीय सैन्याच्या कारवाईने हैदराबाद संस्थान मुक्त झाले. असई, १८५७ आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम ही नावे एखाद्या बंदुकीला चिकटली की तिचे मोल वाढते. नकली ठशाची प्रेरणा येथेच आहे.

तपासणी-ठसा म्हणजे काय

लष्करी बंदूक ही कारागिराच्या हातून थेट शिपायाच्या खांद्यावर जात नसे. नळीची दारू भरून परीक्षा होई, घोड्याची यंत्रणा तपासली जाई, लाकडाची पारख होई आणि प्रत्येक टप्प्यावर जबाबदार तपासनीस आपला ठसा मारी. पुढे शस्त्रागारात जमा होताना, पलटणीला देताना, दुरुस्तीनंतर आणि अखेर सेवेतून काढताना आणखी ठसे पडत. ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण म्हणून बाणाचे चिन्ह असे. भारतातील सरकारी शस्त्रांवर पुढे या बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर दिसते. दोन बाण टोकाला टोक लावून उमटलेले असतील तर ते शस्त्र सरकारी सेवेतून विकून टाकले असा अर्थ होतो. 'डी. पी.' ही अक्षरे केवळ कवायतीसाठी ठेवलेल्या बंदुकीवर असत.

मराठी अभ्यासकांना ही व्यवस्था परकी वाटू नये. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मर्यादेची मोर्तब असे. मध्ये कोणी ओळी वाढवू नयेत, हा मोर्तबीचा हेतू. म्हणजे शिक्का हा एका कार्यालयाच्या कामाचा अवशेष असतो. दस्त्यावरील ठसाही तसाच आहे. बनावट करणारा ठशाची आकृती उतरवू शकतो. ती आकृती ज्या कार्यालयीन क्रमातून निर्माण झाली तो सारा क्रम त्याला सहसा उतरवता येत नाही. प्रस्तुत निबंधाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

नकली ठशांचे प्रकार

नकली ठशांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिल्या प्रकारात संपूर्ण बंदूकच नकली असते. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यान असलेले दर्रा आदमखेल हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तेथील कारागिरांनी मार्टिनी-हेन्री, ली-एनफिल्ड इत्यादी बंदुका हातांनी घडविल्या आणि मूळ बंदुकीवरील चिन्हेही तशीच कोरली. इंग्रजी न वाचणाऱ्या कारागिराने अक्षरांची नक्कल चित्र म्हणून केल्यामुळे 'एन' हे अक्षर उलटे येणे, 'एनफिल्ड'मधील एखादे अक्षर गळणे, मुकुटाचा आकार बेढब होणे असे दोष त्यांत आढळतात.

दुसऱ्या प्रकारात बंदूक खरी, पण ठसा खोटा असतो. साध्या बंदुकीला प्रसिद्ध पलटणीचे, दुर्मिळ वर्षाचे किंवा नामांकित तपासनीसाचे चिन्ह देऊन तिची किंमत वाढविली जाते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील गॅरँड रायफलींच्या दस्त्यांवर स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराची आणि गिल्बर्ट स्ट्यूअर्ट या अधिकाऱ्याची आद्याक्षरे असलेली चौकट नव्याने मारण्याचे प्रकार संग्राहकांना चांगलेच परिचित आहेत.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. एखादा हौशी संग्राहक खराब झालेला दस्ता बदलतो आणि बंदूक मूळ रूपात दिसावी म्हणून त्यावर प्रतिकृतीचा ठसा मारतो. त्याचा हेतू फसवणुकीचा नसतो. परंतु त्याच्या पश्चात वस्तू दुसऱ्या हाती जाते, सांगणारा कोणी उरत नाही आणि प्रतिकृती अस्सल म्हणून नोंदली जाते. त्यामुळे नकली ठसा आढळला म्हणजे शेवटच्या मालकाने लबाडी केली, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल.

पहिली कसोटी : काळाचा मेळ

बनावट मराठी कागद पुष्कळदा जंत्रीपुढे टिकत नाही. तिथी, वार व शक यांचा मेळ बसत नाही. बंदुकीच्या बाबतीत राजचिन्ह, वर्ष, कारखाना आणि नमुना ही चार अंगे जुळवून पाहावी लागतात.

कंपनीच्या बंदुकांवर हृदयाच्या आकाराचे व्यापारी चिन्ह असे आणि त्याच्या खणांत 'व्ही. ई. आय. सी.' ही अक्षरे असत. येथील 'व्ही' हा जुन्या वळणाचा 'यू' असून त्याचा अर्थ 'युनायटेड' असा आहे. १८०८ पासून या हृदयाची जागा मुकुट धरलेल्या सिंहाने घेतली. म्हणून 'असईच्या लढाईतील' म्हणून दाखविलेल्या बंदुकीवर सिंहाचे चिन्ह असेल तर ती १८०३ मध्ये रणांगणावर नव्हती, हे उघड होते. उलट हृदयाचे चिन्ह असले तरी तेवढ्याने असईचा संबंध सिद्ध होत नाही. ती बंदूक कंपनीची होती आणि बहुधा १८०८ पूर्वीची होती, एवढेच त्यावरून म्हणता येते. शिंद्यांच्या कवायती पलटणींसाठी आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली बंदुका तयार होत. मराठ्यांच्या बाजूच्या अशा बंदुकीवर कंपनीचे चिन्ह असण्याचे कारण नाही. चिन्ह नसलेली बंदूक कमी मोलाची मानून तिच्यावर हृदय कोरणे म्हणजे मराठी सैन्याच्या शस्त्रनिर्मितीचा दुर्मिळ पुरावा आपल्या हातांनी पुसणे होय.

१८५७ च्या संदर्भात एनफिल्ड रायफलीचे नाव सर्वांच्या ओठांवर असते. परंतु मे १८५७ मध्ये ही रायफल देशी पलटणींना सरसकट मिळालेली नव्हती. डमडम, अंबाला व सियालकोट येथील शिक्षणकेंद्रांत तिचे शिक्षण नुकतेच सुरू झाले होते. उठावातील बहुसंख्य शिपाई गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकांनीच लढले. उठावानंतर सरकारने देशी पलटणींसाठी एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण ०.५७७ ऐवजी ०.६५६ इंच व्यासाच्या व आटे नसलेल्या नळीच्या बंदुका काढल्या. अशी बंदूक 'बंडातील शिपायाची' म्हणून दाखविली जात असेल, तर तिची नळीच त्या दाव्याविरुद्ध साक्ष देते. ती बंडाची नव्हे, तर बंडानंतरच्या अविश्वासाची खूण आहे. औरंगाबादला उठलेले सैनिक रिसाल्याचे, म्हणजे घोडेस्वार होते आणि कंटिंजंटच्या रिसाल्यांत शिलेदारी पद्धत होती. पायदळाची लांब, संगीन लावण्याची रायफल औरंगाबादच्या उठावाशी जोडताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पुढील काळासाठी राजचिन्हे उपयोगी पडतात. 'व्ही. आर.' हे व्हिक्टोरियाचे चिन्ह असून राणीचा मृत्यू जानेवारी १९०१ मध्ये झाला. त्यानंतर १९१० पर्यंत 'ई. आर.' आणि मग 'जी. आर.' येते. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखाना १९०४ मध्ये स्थापन झाला. तेथील बंदुकांवर पुढे 'जी. आर. आय.' अशी अक्षरे दिसतात. शेवटचा 'आय' सम्राटपदाचा निदर्शक आहे. भारत प्रजासत्ताक झाल्यावर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. 'व्ही. आर.' आणि त्याखाली 'ईशापूर' असे दिसल्यास संशयाला पुरेपूर जागा आहे.

दुसरी कसोटी : लाकडाची साक्ष

दस्ता सामान्यतः अक्रोडाच्या लाकडाचा असे. पुढे भारतात इतर लाकडेही वापरली गेली. पोलादी ठसा हातोडीच्या घावाने लाकडावर बसतो तेव्हा लाकडाचे तंतू दबतात, वाकतात, पण तुटत नाहीत. कोरलेल्या किंवा यंत्राने खोदलेल्या चिन्हात तंतू कापले जातात आणि कडा धारदार राहतात. तिरप्या प्रकाशात साध्या भिंगातूनही हा फरक दिसतो. एका घावाने बसलेल्या ठशात सर्व अवयवांचे परस्परांतर ठरलेले असते. सुटी अक्षरे एकेक करून मारली तर ओळ वाकडी होते आणि खोली कमी-अधिक भरते. मात्र अनुक्रमांक व तारखा खऱ्या बंदुकांवरही सुट्या ठशांनी मारल्या जात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा आहे झिजेचा मेळ. दस्ता वर्षानुवर्षे हातांनी, घामाने, तेलाने आणि खांद्याच्या घर्षणाने झिजतो. ठसा त्याच लाकडावर असल्याने त्यालाही ही झीज लागली पाहिजे. आसपासचे लाकूड गुळगुळीत आणि ओरखडे पडलेले, पण ठशाच्या कडा ताज्या असतील, तर ठसा नंतरचा आहे. जुना ओरखडा ठशाच्या आरपार गेला आहे की ठशाने ओरखड्याला दाबले आहे, हे पाहिले की दोहोंपैकी आधी काय घडले ते कळते. खऱ्या ठशाच्या तळाशी जवसाच्या तेलाचे आणि मळाचे थर साचलेले असतात. नकली ठशात बुटाच्या पॉलिशचा किंवा रंगाचा एकसारखा काळेपणा असतो. अतिनील प्रकाशात आधुनिक रोगण पुष्कळदा वेगळे चमकते.

याची दुसरी बाजूही आहे. पुसट ठसा नकलीच असतो असे नाही. दस्ता घासला असेल, किंवा खड्डे भरून येण्यासाठी त्याला वाफ दिली असेल, तर दबलेले तंतू फुगतात आणि अस्सल ठसाही उथळ होतो.

तिसरी कसोटी : अंगांची परस्परसंगती

ठसा एकटा नसतो. नळी, खिट्टी आणि दस्ता यांवरील अनुक्रमांक, नळीखालच्या खोबणीत लपलेली कारागिरांची चिन्हे, दस्त्याच्या उजव्या अंगावरील गोल शिक्का आणि पलटणीच्या नावाची पितळी चकती ही सारी एकमेकांशी बोलतात. बनावट करणारा दिसणाऱ्या भागाकडे लक्ष देतो. खोबणीच्या आतील भागाकडे त्याचे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक असतो.

तथापि विसंगती म्हणजे बनावट, असेही समीकरण मांडता येत नाही. लष्करी बंदूक दीर्घकाळ वापरली जाई. शस्त्रागारांत दस्ते बदलले जात, नळ्या बदलल्या जात. जुन्या ली-मेटफर्ड बंदुका बदल करून विसाव्या शतकातील आखूड नमुन्यात आणल्या गेल्या, त्यांच्यावर 'व्ही. आर.' हे चिन्ह अस्सलपणे आढळते. अशा वेळी प्रश्न एवढाच असतो की, या बदलाची कार्यालयीन खूण बंदुकीवर आहे काय? सरकारी दुरुस्ती सहसा आपली नोंद मागे ठेवते.

दहाव्या लेण्यातील अक्षरे

या कसोटीचे उत्तम उदाहरण सोयगाव तालुक्यातच आहे. अजिंठ्याच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरली आहे. ती अक्षरे आज उभ्या माणसाच्या नजरेच्या बऱ्याच वर आहेत. कारण स्मिथ आला तेव्हा लेण्यात मातीदगडांचा ढीग साचला होता आणि त्यावर उभे राहून त्याने ती कोरली. पुढे लेणी साफ झाली, जमीन खाली गेली आणि अक्षरे उंचावर राहिली. नंतरच्या काळात कोणी खोटी अक्षरे कोरली असती तर ती साहजिकच आपल्या नजरेच्या उंचीवर कोरली असती. येथे अक्षरांच्या वळणापेक्षा त्यांची जागा अधिक बोलते. लिहिणाऱ्याने पुरावा म्हणून न ठेवलेली गोष्टच सर्वांत भक्कम पुरावा ठरते. दस्त्यावरील तंतू, झीज, मळाचे थर आणि खोबणीतील खुणा यांचे महत्त्व याच न्यायाने आहे.

महाविद्यालयीन संग्रहासाठी काही सूचना

वस्तुसंग्रहात बंदूक दाखल करताना प्रथम ती भरलेली नाही याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी आणि कायदेशीर स्थिती स्पष्ट करावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ नुसार कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्याराला सूट मिळते, परंतु ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा स्थितीत असले पाहिजे. केवळ जुनेपणा पुरेसा नाही.

त्यानंतर दस्ता धुऊ नये, घासू नये, रोगण लावू नये. स्वच्छतेच्या उत्साहात ठशाच्या तळाचा मळ गेला तर पुरावाच जातो. मोजपट्टी ठेवून समोरून आणि तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत. दात्याने सांगितलेली हकिकत जशीच्या तशी, पण 'दात्याचे निवेदन' या सदराखाली नोंदवावी. ठशावरून निघणारा निष्कर्ष वेगळ्या सदरात लिहावा. ही दोन सदरे एकत्र झाली की कौटुंबिक आठवण इतिहास बनते आणि पुढच्या अभ्यासकाला ती वेगळी काढता येत नाही. जुना परवाना, वारसाचा कागद किंवा जप्तीची नोंद उपलब्ध असल्यास तिची प्रत जोडावी. ठसा नकली ठरला तरी वस्तू फेकून देऊ नये. नकली ठसा हाही कोणत्या भूतकाळाला बाजारात किंमत आली याचा पुरावा असतो.

निष्कर्ष

१) तपासणी-ठसा हा एका कार्यालयीन व्यवस्थेचा अवशेष असून त्याची पारख आकृतीवरून नव्हे, तर त्या व्यवस्थेशी असलेल्या मेळावरून केली पाहिजे.

२) काळाचा मेळ, लाकडाची साक्ष आणि अंगांची परस्परसंगती या तीन कसोट्या एकत्र लावाव्यात, कोणतीही एक कसोटी स्वतंत्रपणे निर्णायक नाही.

३) विसंगत ठसा बनावट असेलच असे नाही आणि सुसंगत ठसा एखाद्या विशिष्ट लढाईचा पुरावा ठरतोच असेही नाही.

४) सोयगावसारख्या सीमावर्ती प्रदेशात कंपनी, शिंदे आणि निजाम या वेगवेगळ्या सत्तांची शस्त्रे येऊन गेली असल्याने चिन्ह नसलेली बंदूकही चिन्ह असलेल्या बंदुकीइतकीच मोलाची असू शकते.

असई किंवा १८५७ यांच्याशी नाते सांगण्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु त्या नात्याचा आधार खोटा ठसा असेल तर ज्यांनी तेथे खरोखर शस्त्र धरले त्यांच्यावरच तो अन्याय होतो. बंदुकीवरील ठशालाही कागदावरील मोर्तबीइतक्याच कठोरपणे तपासणे, ही स्थानिक इतिहासाच्या विश्वासार्हतेची किमान अट मानावी लागेल.